कोरड्या डांबरी रस्त्यावर चुकून फोर व्हील ड्राइव्ह: पिकअपच्या नव्या चालकांसाठी मार्गदर्शन

कोल्हापूर परिसरात फोर व्हील ड्राइव्हची पिकअप घेणाऱ्याची गरज बहुधा खरी असते. पावसाळ्यात काळ्या रानातून जाणारी पाणंद, पंचगंगेकाठच्या मळीतला रुतवणारा गाळ, राधानगरी आणि गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्यांना जोडणारे लाल मातीचे घसरडे चढ, अशा ठिकाणी केवळ मागच्या दोन चाकांच्या जोरावर गाडी निघत नाही. मात्र पाणंद संपून डांबरी रस्ता लागला, तरी गाडी त्याच अवस्थेत राहिली, तर चिखलात उपयोगी पडलेली हीच यंत्रणा स्वतःच्याच भागांवर ताण आणू लागते. असे का होते, ते कसे ओळखावे, लक्षात येताच काय करावे आणि नंतर गाडीची कोणती तपासणी करावी, हे या लेखात क्रमाने दिले आहे.

सुरुवातीलाच एक दिलासा द्यायला हवा. कोरड्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर फोर व्हीलमध्ये गाडी गेली, तेवढ्याने ती सहसा मोडत नाही. नुकसान किती होईल हे तीन गोष्टींवर अवलंबून असते: त्या अंतरात अरुंद वळणे किती घेतली, वेग किती होता, आणि गाडी अडखळते आहे हे जाणवूनही ती किती वेळ दामटली. यांतली तिसरी गोष्ट पूर्णपणे चालकाच्या हातात असते.

आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे?

आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पिकअप केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या असतात, त्यामुळे आपल्या गाडीत ही सोय मुळात आहे का, हे आधी पाहावे. महिंद्राच्या बोलेरो कॅम्पर आणि बोलेरो पिकअप यांच्या फोर व्हील ड्राइव्ह आवृत्त्या, इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉसच्या फोर बाय फोर आवृत्त्या आणि भारतात २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स या गाड्यांत ‘पार्ट-टाइम’ पद्धतीची, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाके जोडायची यंत्रणा आहे. थार, जिम्नी आणि नव्या पिढीच्या फॉर्च्युनरच्या फोर बाय फोर आवृत्त्यांतही हीच पद्धत आहे, म्हणून पुढील सर्व सूचना त्या गाड्यांनाही लागू पडतात. याउलट एक्सयूव्ही ७०० ची चारही चाकांवर चालणारी आवृत्ती किंवा लँड क्रूझर यांची रचना वेगळी आहे. त्या गाड्या कोरड्या रस्त्यावरही चारही चाकांचा वापर करता यावा अशाच बनवलेल्या आहेत, त्यामुळे हा लेख त्यांच्यासाठी नाही. एखाद्या गाडीत ‘ऑटो’ नावाची वेगळी निवड असेल, तर तिच्याबाबत गाडीच्या पुस्तिकेत जे सांगितले असेल तेच खरे मानावे.

पार्ट-टाइम यंत्रणेत चालकापुढे साधारणपणे तीन पर्याय असतात. टू-हाय म्हणजे नेहमीची चाल, ज्यात फक्त मागची चाके ओढतात. फोर-हायमध्ये वेग नेहमीचाच राहतो, पण चारही चाके ओढतात. फोर-लोमध्ये चारही चाके ओढतात आणि शिवाय ट्रान्सफर केसमधले (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांकडे पोचवणाऱ्या पेटीतले) कमी गतीचे गिअर जोडले जातात, त्यामुळे जोर साधारण अडीचपट वाढतो आणि वेग त्याच प्रमाणात घटतो. गाडीवर हे पर्याय एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर अशा जोडीने छापलेले असतात. निवड करण्यासाठी नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर किंवा गिअरजवळ एक गोल फिरकी असते, तर काही गाड्यांत मुख्य गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा असतो.

आत नेमके काय घडते?

हे समजून घेण्यासाठी थोडा वेळ द्यावा, कारण कारण कळले की पुढच्या पायऱ्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत, त्या आपोआप सुचतात.

गाडी वळते तेव्हा चारही चाके वेगवेगळे अंतर कापतात. खळ्यावर मळणी चालू असताना मेढीजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि बाहेरच्या बैलाला मात्र लांब फेरा मारावा लागतो, तसेच हे आहे. एकाच आसावरच्या डाव्या-उजव्या चाकांमधला फरक त्या आसावरचे डिफरन्शियल सांभाळते. पण पुढची चाकेसुद्धा मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, आणि हा पुढचा-मागचा फरक सांभाळणारे डिफरन्शियल पार्ट-टाइम गाडीत नसतेच. फोर-हाय किंवा फोर-लो निवडले की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (आसापर्यंत जोर नेणारी लांब फिरती नळी) एकमेकांशी घट्ट जोडते. दोन्ही शाफ्टनी एकाच गतीने फिरायचे, अशी सक्ती होते.

आकड्यांतून पाहिले तर हा फरक किती मोठा आहे ते कळते. हायलक्सच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ३०८५ मिलिमीटर आहे, आणि व्ही-क्रॉसचेही जवळपास तेवढेच आहे. अशा गाडीच्या मागच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वळणावरून गेला, तर पुढच्या आसाचा मध्य सुमारे पावणेसात मीटर त्रिज्येवरून जातो. काटकोनातल्या एकाच वळणात पुढच्या चाकांना सरासरी १.२ मीटर अंतर जास्त कापावे लागते, म्हणजे चाकाचा जवळपास अर्धा फेरा. प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरत असल्यामुळे हाच फरक शाफ्टवर सुमारे दोन फेऱ्यांचा होतो.

चिखलात, वाळूत किंवा सुट्या मुरमावर हा फरक टायर किंचित घसरून भरून काढतात आणि चालकाला काही कळतही नाही. कोरड्या डांबराची आणि सिमेंटची पकड मात्र टायरला घसरू देत नाही. मग हा फरक पिळाच्या रूपाने शाफ्ट, जॉइंट, ट्रान्सफर केसमधली साखळी किंवा गिअर आणि डिफरन्शियलचे दाते यांच्यात साठत जातो. तो पुरेसा साठला की एखादे चाक झटक्यात घसरते, गाडी उडी मारल्यासारखी हलते आणि पुन्हा पीळ भरू लागतो.

लांब पल्ल्याच्या सौम्य वळणांवर हा फरक नगण्य असतो. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर तो शेकडा ०.०५ इतकाच भरतो. म्हणूनच पुणे-बंगळूर महामार्गावर कागलकडे सरळ जाताना चालकाच्या लक्षात काहीच येत नाही, आणि तीच गाडी गंगावेशीत किंवा महाद्वार रोडच्या गल्लीत वळवताना एकदम अडते. तरीही सरळ रस्ता पूर्ण निर्धोक आहे असे समजू नये. पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेरात शेकडा एक इतका फरक असेल, तर सरळ रस्त्यावरही दर किलोमीटरला दहा मीटरचा फरक पडतो, आणि हौद्यात माल भरलेला असताना किंवा मागच्या टायरमध्ये हवा कमी असताना असा फरक सहज निर्माण होतो.

कसे ओळखावे?

सर्वात सोपी खूण म्हणजे मीटरच्या पॅनेलवर पेटणारा फोर व्हील ड्राइव्हचा दिवा. तो हिरवा किंवा पिवळसर असतो आणि दुपारच्या उन्हात सहज नजरेतून सुटतो, म्हणून दिव्याबरोबरच गाडीच्या वागण्याकडेही लक्ष असावे.

मंद वेगात स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की कोणी ब्रेक दाबून धरल्यासारखे वाटते. अॅक्सिलेटर सोडताच गाडी नेहमीसारखी पुढे वाहत न जाता चटकन थांबते. स्टेअरिंग जड होते आणि वळणानंतर स्वतःहून सरळ होण्यास कुरकुरते. पुढचे टायर चिरचिरतात, आणि अधूनमधून गाडीखालून ‘ठक्’ असा आवाज येऊन पुढचा भाग एका बाजूला उसळतो. ज्याने हे पूर्वी अनुभवलेले नाही तो बहुधा ब्रेक जाम झाले किंवा स्टेअरिंगची रॅक गेली असे समजून थेट गॅरेज गाठतो. म्हणून गाडी वळताना अडते असे वाटले, की इतर कुठलीही शंका घेण्यापूर्वी निवडीची फिरकी किंवा दांडा पाहावा.

फोर-लोमध्ये चुकून राहिलेली गाडी ओळखणे याहून सोपे असते. ताशी ३० किलोमीटरलाच इंजिन ओरडू लागते आणि वरचे गिअर भराभर संपतात. अशा वेळी वेग वाढवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

लक्षात आल्यावर काय करावे?

पहिली पायरी म्हणजे अॅक्सिलेटरवरचा पाय हलका करणे. घाबरून एकदम ब्रेक मारू नये आणि वळणाच्या मध्येच फिरकी किंवा दांड्याशी झटापट करू नये. वळण पूर्ण करून गाडी सरळ करावी आणि सुरक्षित जागा मिळेपर्यंत सावकाश सरळ चालवत न्यावी. आंबा घाटात किंवा करूळ घाटात हे लक्षात आले, तर आंधळ्या वळणावर थांबण्यापेक्षा पुढे मोकळी जागा येईपर्यंत हळू जाणेच शहाणपणाचे आहे. तेवढ्या अंतरात यंत्रणेवर थोडा ताण पडला तरी चालेल, पण मागून येणारी मालाने भरलेली गाडी अंगावर येणे परवडणारे नाही.

दुसरी पायरी म्हणजे सरळ रस्त्यावर, स्थिर आणि कमी वेगात असताना टू-हाय निवडून पाहणे. बऱ्याच नव्या गाड्यांत टू-हाय आणि फोर-हाय यांच्यातला बदल चालत्या गाडीत करता येतो. त्यासाठीची वेगमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि ती वाचून ठेवणे मालकाचे काम आहे. बदल करताना स्टेअरिंग सरळ ठेवावे, अॅक्सिलेटर सोडावा आणि फिरकी एकदाच, निश्चयाने फिरवून काही क्षण वाट पाहावी. दिवा लुकलुकत राहिला तर बदल अजून पूर्ण झालेला नाही असे समजावे. फिरकी पुन्हा पुन्हा मागेपुढे केल्याने काम लवकर होत नाही, उलट आतल्या मोटरला परस्परविरोधी आज्ञा मिळत राहतात.

तिसरी पायरी दिवा न विझल्यास करावी. गाडी बाजूला घेऊन थांबवावी, धोक्याचे दिवे लावावेत आणि मागे कोणी नाही याची खात्री करून घ्यावी. मग टू-हाय निवडलेले ठेवून गाडी रिव्हर्समध्ये सरळ पाच-दहा मीटर मागे घ्यावी. शक्य असेल तर ज्या वाकणाने आलो त्याच वाकणाने मागे जावे, कारण पुढे येताना भरलेला पीळ त्याच मार्गाने मागे जाताना उलगडतो. टू-हाय निवडूनही बदल का होत नाही, याचे कारण असे की ट्रान्सफर केसमध्ये दोन शाफ्टना जोडणारी एक सरकती कडी असते आणि पीळ भरलेला असताना तिचे दाते एकमेकांवर घट्ट दाबलेले राहतात. जोराची दिशा बदलली की ते दाते क्षणभर सैल होतात आणि तेवढ्यात कडी सुटते. अनेकदा गाडीखालून एक स्पष्ट ‘टक्’ ऐकू येतो आणि दिवा विझतो. तो आवाज सुटकेचा असतो, त्याची चिंता करू नये.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर रस्त्याच्या मुरमी साइडपट्टीचा उपयोग करून घ्यावा. डावीकडची दोन्ही चाके सुट्या मुरमावर येतील अशा रीतीने वीस-तीस मीटर सावकाश सरळ चालावे आणि स्टेअरिंग अगदी थोडे डावी-उजवीकडे हलवावे. सुट्या पृष्ठभागावरच्या चाकांना घसरण्यास वाव मिळतो आणि पीळ निघून जातो. हा उपाय मला सर्वात भरवशाचा वाटतो, आणि आपल्या भागात मुरमाची साइडपट्टी शोधायला लांब जावे लागत नाही. गाळप हंगामात मात्र त्याच पट्टीवर उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि पावसाळ्यात ती खचलेली असू शकते, म्हणून आधी खाली उतरून जागा पाहून घ्यावी.

फोर-लोमधून बाहेर पडताना गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबावा किंवा ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी आणि मगच निवड बदलावी. काही गाड्यांना यासाठी अगदी किंचित हालचाल लागते, तेही पुस्तिकेत लिहिलेले असते. मागच्या डिफरन्शियलचा लॉक लावलेला असेल, तर तो सर्वात आधी काढावा, कारण तो लावलेला असताना डाव्या-उजव्या चाकांमधला फरकही सांभाळला जात नाही आणि कोरड्या रस्त्यावर गाडी वळवणे धोक्याचे ठरते.

दांडा किंवा निवड अडकून बसली तर

दांड्याच्या गाडीत नव्या चालकाकडून सर्वात मोठी चूक होते ती जोर लावण्याची. दांड्याला पायाने ढकलणे, पान्याचा नळा लावून ओढणे असे प्रकार होतात आणि त्यात आतला फोर्क, म्हणजे कडी सरकवणारा काटा, वाकतो. मग साध्या पिळाचे रूपांतर ट्रान्सफर केस उघडण्याच्या कामात होते. एका हाताच्या साध्या जोराने दांडा सुटत नसेल, तर पीळ अजून निघालेला नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यावा आणि रिव्हर्स व साइडपट्टीची कृती पुन्हा करावी.

दांड्याच्या गाड्यांत आणखी एक जोखीम असते. फोर-हाय आणि फोर-लो यांच्यामध्ये ट्रान्सफर केसचे स्वतःचे न्यूट्रल असते. दांडा तिथे अडकला, तर मुख्य गिअर टाकलेला असूनही गाडी कशालाच जोडलेली राहत नाही आणि उतारावर निघून जाऊ शकते. म्हणून दांड्याशी काही करण्यापूर्वी गाडी सपाट जागी घ्यावी, आणि सोडून खाली उतरताना हँडब्रेक ओढलेला असावाच.

चाक जॅकवर उचलून पीळ काढण्याचा सल्ला काही जण देतात. उपाय खरा आहे, पण तो नवख्या माणसाने रस्त्यावर करू नये. पीळ भरलेले चाक जमिनीवरून सुटताच जोराने गरकन फिरू शकते. शिवाय हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांवर काम करतो, त्यामुळे मागचे चाक उचलले तर गाडी रोखून धरणारी पकड कमी होते. हे काम गॅरेजमध्ये, चाकांना ठोकळे लावून, जाणत्या मिस्त्रीनेच करावे.

काहीही करून निवड सुटली नाही, तर गाडी ओढून नेताना दोन चाके हवेत आणि दोन जमिनीवर अशी नेऊ नये. पुढचा आणि मागचा भाग जोडलेला असताना जमिनीवरची चाके हवेतल्या चाकांनाही फिरवतात आणि त्यांच्यामधले सगळे सुटे भाग ताणले जातात. सपाट फलाटाच्या गाडीवर चारही चाके ठेवूनच ती न्यावी.

जुन्या जीप किंवा जिप्सीसारख्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या हबवर हाताने फिरवायची कुलुपे असतात. ती ‘लॉक’वर राहिली आणि ट्रान्सफर केस टू-हायमध्ये असेल, तर पुढचा शाफ्ट उगीच फिरतो आणि थोडे इंधन जाते, पण पीळ भरत नाही. हब ‘फ्री’वर असताना फोर-लो टाकणे मात्र टाळावे, कारण वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या आसावर येतो. आपोआप सुटणारे हब असलेल्या काही गाड्यांना टू-हाय निवडल्यावर काही मीटर मागे घेतल्याशिवाय हब सुटत नाहीत.

नंतरची तपासणी

गाडी मोकळी झाल्यावर मोकळ्या जागी मंद वेगात एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पूर्ण स्टेअरिंगने गोल फिरवून पाहावी. ती अडखळली नाही, अॅक्सिलेटर सोडल्यावर सहज वाहत गेली आणि खालून आवाज आला नाही, तर यंत्रणा सुटली असे समजावे. अंतर थोडे आणि रस्ता सरळ असेल, तर एवढी तपासणी मला पुरेशी वाटते.

मात्र जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या रस्त्यासारखी लागोपाठ वळणे त्या अवस्थेत पार झाली असतील, किंवा गाडीने पुन्हा पुन्हा उड्या मारल्या असतील, तर पुढची पाहणी अवश्य करून घ्यावी. टायरच्या कडांवरून तळहात आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागत असेल, तर रबर ओढून झिजले आहे. गाडी गार झाल्यावर खाली वाकून ट्रान्सफर केस आणि पुढचे डिफरन्शियल यांच्या सीलजवळ ताज्या तेलाचा ओघळ आहे का, पुढच्या अॅक्सलचे रबरी बूट फाटले आहेत का, हे पाहावे. चाकांमागे ठोकळे लावून, इंजिन बंद करून, प्रोपेलर शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना पिळून पाहिला की क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटमध्ये) ढिलाई असल्यास ती हाताला जाणवते.

शंका उरल्यास ट्रान्सफर केसचे तेल काढून पाहणे हा खात्रीचा मार्ग आहे. तेल काढण्याच्या बोल्टला बहुधा लोहचुंबक असते आणि त्यावर बोटाला लागणारा करडा, लोण्यासारखा मऊ थर दिसतो. तो वापरातल्या गाडीत नेहमीचाच असतो. बोटांत टोचणारा चुरा, पापुद्रे किंवा दात्याचा तुकडा मिळाला तर मात्र गाडी पुढे चालवू नये. तेल काळे पडून जळका वास येत असेल, तर ते बदलावे आणि पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच भरावे. ज्या शहरात उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावमध्ये वाहनांचे सुटे भाग घडतात, तिथे हे काम जाणणारा मिस्त्री सापडणे अवघड नाही. त्याला केवळ ‘गाडी आवाज करते’ असे न सांगता किती अंतर, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या निवडीत गाडी चालली हे स्पष्ट सांगावे. झालेली चूक लपवली, तर तो ब्रेकपासून तपासणी सुरू करतो आणि वेळ व पैसा दोन्ही वाया जातात.

पाऊस पडत असताना काय करावे?

पावसात डांबरी रस्त्यावर फोर-हाय लावून ठेवावे, असा समज आपल्याकडे बराच पसरलेला आहे. ओल्या डांबराची पकड कमी होते हे खरे, पण चांगल्या टायरला अरुंद वळणावर पीळ भरण्याइतकी पकड तरीही राहते. शिवाय फोर-हायमुळे ओढ सुधारते, थांबण्याचे अंतर कमी होत नाही. ब्रेक चारही चाकांना नेहमीच असतात. उलट पुढचा-मागचा भाग जखडलेला असल्याने घाटातल्या हेअरपिन वळणावर गाडीचा पुढचा भाग बाहेरच्या बाजूला सरकू पाहतो. अनेक गाड्यांत फोर-लो लावताच गाडीचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपोआप बंद होते, हेही ध्यानात ठेवावे. भुईबावडा किंवा करूळ घाटात मुसळधार पाऊस असेल, तर वेग कमी ठेवणे आणि टायर चांगले असणे हाच उपाय आहे. दरड उतरून रस्त्यावर मातीचा राडा पसरला असेल किंवा पुराचे पाणी ओसरल्यावर गाळ साचला असेल, तेवढ्या टप्प्यात फोर-हाय जरूर वापरावे आणि पुढे स्वच्छ डांबर दिसताच काढावे.

चूक मुळात घडते कुठे?

बहुतेक वेळा ती गाडीचा हात बदलताना घडते. सकाळी रानात गेलेला भाऊ दुपारी गाडी अंगणात लावतो, आणि संध्याकाळी घरातला दुसरा कोणी तीच गाडी घेऊन शहरात जातो. किल्ली देताना “फोर बाय फोर काढलंय न्हवं?” एवढा एक प्रश्न विचारण्याची पद्धत घरात आणि कामाच्या जागी पडली, तर यांतले बरेच प्रसंग टळतील. गाडी धुताना कापडाच्या रेट्याने फिरकी फिरते, लहान मुले ती फिरवतात, आणि दांड्याच्या गाडीत खतांचे पोते किंवा पिशवी दांड्यावर रेलते. इग्निशन बंद असताना फिरकी फिरली, तरी किल्ली फिरवल्यावर तो बदल अमलात येऊ शकतो. म्हणून गाडी धुऊन किंवा सर्व्हिसिंगहून आल्यावर पहिले वळण घेण्यापूर्वी फिरकी आणि दिवा या दोन्हींवर नजर टाकावी.

ज्यांचे रोज रानात जाणे-येणे आहे, त्यांनी फोर व्हील काढण्याची जागा ठरवून टाकावी. पाणंद जिथे डांबराला मिळते, त्याच्या दहा-पंधरा मीटर अलीकडे, चाके मातीवर आणि स्टेअरिंग सरळ असताना टू-हाय लावावे. मातीवर पीळ साठत नसल्यामुळे निवड तिथे लोण्यातून सुरी जावी तशी सुटते. डांबरावर चढून, वळण घेऊन मग आठवण झाली, तर तीच कृती अवघड होते. मालाने भरलेली पिकअप असेल तर हे अधिकच कटाक्षाने पाळावे.

टायरच्या बाबतीत काटकसरीचा मोह आवरावा लागतो. मागचे दोन टायर झिजले म्हणून तेवढेच नवे घालणे, किंवा दोन कंपनीचे आणि दोन रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेले) चालवणे, टू व्हील ड्राइव्ह पिकअपला एक वेळ चालून जाते. फोर व्हील पिकअपला चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत, आणि हवेचा दाब दाराच्या चौकटीजवळ लावलेल्या पट्टीवर दिला असेल तेवढाच ठेवायला हवा. टायरची अदलाबदल ठरलेल्या अंतरावर केली, तर घेरांतला फरक वाढत नाही.

या सगळ्या सूचना वाचून काही मालक फोर व्हीलला हातच लावायचा नाही असे ठरवतात, आणि तेही यंत्रणेला मानवत नाही. वर्षभर न वापरलेल्या पुढच्या भागात तेल फिरत नाही, सील कोरडे पडतात, आणि ऐन पावसात चिखलात रुतल्यावर निवड लागतच नाही. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर किंवा गावाबाहेरच्या माळावर फोर-हाय लावून काही किलोमीटर सावकाश फिरावे, सपाट जागी थांबून फोर-लोही एकदा लावून-काढून पाहावे, आणि डांबर लागण्यापूर्वी टू-हाय निवडून दिवा विझल्याची खात्री करावी.